एकशेचाळीस मेंढरांचा निकाल

अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. माझ्या मसुद्यातला शब्द वरच्या साहेबांनी कधी बदलला नाही. एकदा एकानं स्वल्पविराम हलवला होता, त्याची गडचिरोलीला बदली झाली. माझा त्यात काही हात नव्हता, पण झाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी एका परक्या माणसाला माझ्या हातानं अर्ज लिहून दिला आणि त्याच अर्जानं भर कचेरीत माझं नाक कापलं.

प्रकरण मेंढरांचं आहे. आम्ही सरगर मूळचे आटपाडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं हिंडणारे. मी स्वतः सांगलीत फ्लॅटमध्ये राहतो आणि मेंढराशी माझा संबंध रविवारी सकाळी पिशवी घेऊन जातो तेवढाच येतो. पण आमच्यात लग्न असो, बारसं असो की दहावा, जेवणं उरकली की कुणीतरी सुपारी कातरत माझ्या पणजोबांची केस काढणार म्हणजे काढणार.

ती केस अशी. पणजोबा अर्जुना सरगर आणि त्यांचा मेव्हणा बिरा बंडगर, म्हणजे पणजीचा सख्खा भाऊ, दोघं कळप घेऊन पलूसच्या बाजूला गेलेले. तिथं एका ओढ्यावर कळप मिसळले. एकशेचाळीस मेंढरं माझी म्हणून दोघंही हटून बसले आणि कोर्टात गेले. न्यायाधीशानं मेंढरं आवारात आणवली आणि म्हणाला, घाला हाळी, ज्याच्याकडं जातील त्याची. पणजोबांनी एकच हाळी घातली, आणि एकशेचाळीसच्या एकशेचाळीस भिंतीवरून उड्या मारून त्यांच्या पायाशी. माझ्या लहानपणी ही भिंत कमरेएवढी होती. परवाच्या बारशात ती पुरुषभर झाली होती, आणि मेंढरं दोनशे.

अडचण एवढीच, की बंडगरांच्या घरातही हीच गोष्ट सांगतात. तीच भिंत, तीच मेंढरं, फक्त हाळी घालणारा बिरा. या पायी नव्वद वर्षं सरगर बंडगरांच्या घरी पाणी पीत नाहीत आणि बंडगर आमच्या दारावरनं जाताना मान फिरवतात. आणि आमच्या पोरानं, मल्हारनं, पुण्यात नोकरी करता करता नेमकी बंडगरांची सोनम पसंत केली. अख्ख्या पुण्यात दुसरी मुलगी नव्हती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, होत्या की, पण त्यांना माझं हसू येत नव्हतं.

शेवटी प्रकरण सुलाआत्यापुढं गेलं. ही माझ्या वडिलांची बहीण, वय शहाऐंशी. आटपाडीजवळच्या वस्तीवर सासरच्या घरात एकटी राहते, सहा मेंढरं सांभाळते आणि दोन्ही घराण्यांत तिचा शब्द चालतो. कारण ती जन्मानं सरगर, पण तिची आजी बंडगरांची लेक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली, "निकालाचा कागूद आणा. ज्येचं घराणं हारलंय त्येनं जितल्याल्याच्या दारात घोंगडं हातरायचं, हार मानली म्हनून. मगच सोयरीक." सोनमचा आजा घरात कर्ता होता, त्यानंही निरोप पाठवला, मंजूर. वर असंही कळवलं, की बेंदराचा सण झाल्यावर इस्लामपूरचं एक स्थळ सोनमला बघायला येणार आहे, तेव्हा काय ते लवकर करा. मल्हारनं त्या दिवसापासून सुट्टीला घरी आला की जेवताना मान वर करणं सोडलं. त्याची आई, मंगल, मला म्हणाली, तुम्ही एवढे कागदातले दर्दी, तर आणा की एक कागद.

कागद शोधायचाय म्हटल्यावर समोरच्या फ्लॅटमधले तानाजीराव चहाला आले. हे कुठल्याही कामाला चहाला येतात. त्यांचं म्हणणं, आधी माहितीचा अधिकार टाका. मग म्हणाले, नको, वकील करा. मग दुसरा कप झाल्यावर म्हणाले, साताऱ्याच्या कचेरीत माझा एक माणूस आहे, नुसतं माझं नाव सांगा. मी गेलो, नाव सांगितलं. तो माणूस कचेरीच्या बाहेर चहाची गाडी चालवत होता. त्यानं तानाजीरावांना ओळखलं नाही, पण चहा चांगला दिला.

साताऱ्यातली नेमकी कुठली कचेरी ते सांगत नाही, मला अजून तिथं जायचं असतं. आत जुन्या दफ्तराच्या टेबलावर समीक्षा नावाची मुलगी होती, माझ्या मुलीच्या वयाची आणि अत्यंत शांत. तिनं दाव्याचा नंबर विचारला. नाही म्हटलं. साल? छत्तीसच्या सुमाराला. कोर्ट कुठलं? आता आली का पंचाईत. ती म्हणाली, काका, त्या भागात तेव्हा एका गावात इंग्रजांचं राज्य तर शेजारच्या गावात संस्थानचं. त्यांची दफ्तरं वेगळी. तेव्हा मेंढरं ओढ्याच्या अलीकडं मिसळली का पलीकडं, ते आधी सांगा.

मी बाहेर येऊन सुलाआत्याला फोन लावला. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळं अख्ख्या आवाराला प्रश्न कळला. आत्या म्हणाली, "मेंढरं पानी प्यायला गेलती. वड्यात हुती."

म्हणजे ना इंग्रजांकडं, ना संस्थानकडं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पाण्यावरून झालेले हजार तंटे हाताळले, पण आमच्याच घराण्याचा तंटा पाण्याच्या मधोमध उभा असेल असं वाटलं नव्हतं. समीक्षा म्हणाली, दोन्हीकडं शोधते, तुम्ही अर्ज द्या. मी अर्ज करायला चहाच्या गाडीवर जाऊन बसलो.

तिथं सुभेदार भेटले. सत्तरीचे, ताठ, मिशा वर वळलेल्या, फौजेतून निवृत्त. गाडीवाला त्यांना सुभेदार म्हणत होता म्हणून मीही सुभेदार म्हणू लागलो, आणि ते मला हेडक्लार्क म्हणू लागले. तेही कसलीशी जुनी केस शोधत होते. कसली ते मी विचारलं नाही, कारण मग माझी सांगावी लागली असती. निकाल आपल्या विरुद्ध निघालाच तर तो गुपचूप कसा ठेवायचा याचा विचार मी सांगलीहून निघतानाच करून ठेवला होता. पुढं कळलं, त्यांनीही केला होता. मी घरगुती बाब म्हणालो, ते खानदानी मामला म्हणाले, आणि आमचं जमलं.

जमलं म्हणजे किती? चार वेळा साताऱ्याला गेलो, चारही वेळा ठरवून एकाच दिवशी. ते बाजरीची भाकरी आणि ठेचा आणायचे, मी मंगलच्या दशम्या. ते म्हणायचे, "लिखापढीचं आपल्याला वावडं हाय गड्या. बंदूक द्या, अर्ज नगा देऊ." मला दया आली. मी खिशातलं पेन काढलं आणि अर्ध्या पानात असा काही अर्ज लिहून दिला, की लिहिताना माझाच मला अभिमान वाटला. नाव, पक्षकार, साल यांच्या जागी टिंबं सोडली आणि म्हटलं, एवढं तुम्ही भरा.

स्वतःच्या अर्जाला मात्र मी चार पानं घेतली. स्वतःचं काम म्हटलं की माणूस मन लावून करतो. त्यात घराण्याचा पूर्वेतिहास होता, कळपाचं वर्णन होतं, ओढा होता, आणि भिंतही होती, परिशिष्टात.

आठ दिवसांनी समीक्षानं माझा अर्ज परत दिला. पाच त्रुटी, त्यातली पहिलीच अशी, की चार पानांत पक्षकारांची नावंच नाहीत. मला आयुष्यात त्रुटी निघालेली नाही, मी काढलेल्या आहेत. माझा चेहरा बघून ती पोर कळवळली आणि म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका काका, अर्ज कसा असावा ते दाखवते. तिनं फाईलमधून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. "हा बघा. अर्ध्या पानात सगळं. ज्यांनी लिहिलाय त्यांना कळतं अर्ज म्हणजे काय ते. यांची केस सापडली सुद्धा."

माझंच अक्षर. आणि टिंबांवर निळ्या शाईनं, मोठ्या मोठ्या अक्षरांत भरलेलं: अर्जदार सयाजी बंडगर, सुभेदार, निवृत्त. बिरा बंडगर विरुद्ध अर्जुना सरगर.

मी तसाच गाडीवर आलो. ते माझ्यासाठी चहा सांगून बसले होते, बशीत दोन बिस्किटं. सोनमचा आजा, ज्याचा निरोप ऐकून मी महिनाभर दात खात होतो, तो हा. मी म्हटलं, "तुम्ही बंडगर?"

"व्हय. का?"

"मी सरगर. मल्हारचा बाप."

त्यांनी हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. मग माझ्या घरच्या दशम्या महिनाभर खाल्ल्या हे आठवून की काय, मिशीवरून हात फिरवून तोंड पुसलं. आमच्या घरचं पाणी न पिणारा माणूस मंगलच्या नऊ दशम्या खाऊन बसला होता, आणि मी त्यांची अर्धं पोतं बाजरी. दोघंही उठलो. चहा गाडीवाल्यानं प्यायला.

नक्कल त्यांच्या नावावर निघाली. पण निघाली ती मोडीत. संस्थानच्या कारकुनानं बोरूनं ओढलेल्या त्या रेघा बघून सुभेदारांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्याकडं बघितलं. मलाही येत नव्हतं. समीक्षानं फलटणच्या राजेश्वरीबाईंचं नाव सांगितलं, निवृत्त शिक्षिका, मोडी वाचतात. आता ते एकटे गेले तर मी म्हणणार, वाचणारीला फितवली. आणि मी एकटा जाऊ म्हटलं तर कागद त्यांचा. म्हणून त्यांच्या गाडीतून दोघांनी जायचं ठरलं, आणि मागच्या सीटवर साक्षीदार म्हणून मंगल.

सांगली ते फलटण आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मला वारं लागत होतं तर मी म्हणायचो, मंगल, काच वर घ्यायला सांग. ते म्हणायचे, वहिनी, त्यास्नी सांगा, काच बिघडलीया. त्यांच्यापासून माझा खांदा वीतभर लांब होता. दहिवडीला चहासाठी थांबलो तेव्हा दोघंही दोन वेगळ्या हॉटेलांत गेलो, आणि मंगल तिसऱ्यात. ती म्हणाली, तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात निवांत चहा.

राजेश्वरीबाईंनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि आधी मनात वाचायला लागल्या. ही मोडी वाचणाऱ्यांची वाईट खोड आहे. वाचता वाचता त्या एकदा हसल्या, मग थोड्या वेळानं पुन्हा हसल्या, आणि आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना घाम पुसत बसलो. मंगलनं फोन टीपॉयवर ठेवला. वेळ बघायला ठेवला असेल असं मला वाटलं. मग बाईंनी मोठ्यानं सुरुवात केली.

"सदरहू मेंढरे कोर्टाचे आवारात आणविली. प्रथम वादी बिरा याने हाळी घातली. मेंढरे चरत राहिली. नंतर प्रतिवादी अर्जुना याने हाळी घातली. मेंढरे चरत राहिली. आवारातील एक कुत्रे मात्र आले."

भिंत कुठं आहे, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, भिंतीचा उल्लेख नाही, काटेरी कुंपण आहे.

"सबब कोर्ट मेंढरांचा लिलाव पुकारणार, तोच प्रतिवादीची बायको व वादीची बहीण तानुबाई ही दोघांचीही भाकरी घेऊन लिंबाखाली बसली होती, तिने पट्टेवाल्यास विचारले की मी बोलवू का. कोर्टाने परवानगी दिली. तिने हाळी घालताच एकशेचाळीस मेंढरे एकजात तिचे अंगावर धावली. त्यात कोर्टाचे मेज उलथले व दौत सांडली, सबब सदरहू निकाल दुसऱ्या शाईने लिहिला असे."

पुढं सगळं सरळ होतं. तानुबाईनं जबानी दिली, की लग्नात माहेरनं दोन मेंढ्या आंदण मिळाल्या. आंदणाच्या मेंढीची पैदास बाईची, ही आमच्यातली रीत, आणि ती दोन्ही घरांना माहीत. ती पैदास वाढत वाढत निम्मी नवऱ्याच्या कळपात होती, निम्मी भावाच्या. दूध तीच काढायची, मोडलेले पाय तीच बांधायची. ती घरची म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. कोर्टानं एकशेचाळीस मेंढरं तानुबाईला दिली.

म्हणजे दोघंही हरले होते. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण राजेश्वरीबाई म्हणाल्या, मागं आणखी एक पान आहे. वादी आणि प्रतिवादी या दोघांनी मिळून, एकाच अर्जावर, शेजारी शेजारी अंगठे उठवून तानुबाईविरुद्ध अपील केलं होतं. त्यातही हरले होते. नव्वद वर्षांत सरगर आणि बंडगर एकदाच एका बाजूला उभे राहिले, ते तिच्याविरुद्ध. पुढं हार कुणामुळं झाली यावरून जे फाटलं, ते आजतागायत.

मंगल इतकी हसली की बाईंनी तिला पाणी दिलं. मी आणि सुभेदार हसलो नाही.

परतीच्या वाटेला फलटण मागं पडलं. मग सुभेदार हळूच म्हणाले, "हेडक्लार्क, ह्ये बाहीर गेलं तर दोन्ही घराण्याची इज्जत मातीत." मला एकदम त्यांच्याबद्दल पुन्हा प्रेम वाटायला लागलं. मी म्हटलं, कागदाला वाळवी लागली होती म्हणून सांगू. ते म्हणाले, वाळवी नको, नक्कल नवी दिसतीया, जळाली म्हणू. मी म्हटलं, त्यापेक्षा निकाल अनिर्णित लागला असं टिपण मी करतो, दोघं सही करू, आणि दोघंही अर्धं अर्धं घोंगडं अंथरू. दहिवडी येईपर्यंत मसुदा तोंडपाठ झाला होता. काय सुरेख मसुदा होता तो! या वेळी आम्ही एकाच हॉटेलात बसून भजी खाल्ली, आणि आपण काय करतोय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बिरा आणि अर्जुना यांनीही अपिलाआधी अशीच भजी खाल्ली असणार.

विटा आलं तसा सुभेदारांचा फोन वाजला. मग माझा. मग दोघांचे एकदम. राजेश्वरीबाईंचं वाचन मंगलनं फोनमध्ये भरून घेतलं होतं आणि फलटण सोडायच्या आधीच मल्हारला आणि सोनमला पाठवलं होतं. तिथनं ते सरगरांच्या ग्रुपवर गेलं, बंडगरांच्या ग्रुपवर गेलं, आणि कसं कुणास ठाऊक, तानाजीरावांकडंही गेलं. त्यांचा मेसेज होता, मी म्हटलं होतं ना, माझा माणूस आहे तिथं. मी मागं वळून मंगलकडं बघितलं. ती खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "आणि तुमचा भज्यांवरचा मसुदा पण भरून घेतलाय. पाठवू का?"

नको म्हटलं.

बेंदराच्या आदल्या दिवशी दोन्ही घरं सुलाआत्याच्या वस्तीवर जमली. आमच्या दारात बंडगर येईनात आणि त्यांच्या दारात आम्ही जाईनात, आणि आत्याचं घर दोघांचंही नव्हतं. आता घोंगडं कुणी कुणाच्या दारात अंथरायचं, यावर लगेच चर्चा सुरू झाली. बंडगरांतल्या एकानं काढलं, की अपिलाची कल्पना मुळात अर्जुनाची. आमच्यातल्या एकानं विचारलं, मग पहिला अंगठा कुणाचा आहे तो बघा. मी चष्मा काढला आणि पहिला अंगठा कायद्यानं कसा धरतात यावर बोलायला उभा राहिलो. सुभेदार म्हणाले, खाली बसा. मी म्हटलं, तुम्ही मला बसवणारे कोण? दहा मिनिटांत नव्वद वर्षं जशीच्या तशी परत आली. मल्हार कुंपणापाशी उभा होता, त्याचं तोंड एवढंसं झालेलं. मी त्याच्याकडं बघितलं, पण तोंड काही थांबेना.

सुलाआत्या उंबऱ्यावर बसली होती. तिला विचारलं कुणी, की तुला यातलं काही ठाऊक होतं का. ती म्हणाली, "मला सगळं ठावं हुतं. आज्जीनं माझ्या केसाला तेल लावताना धा येळा सांगितलंया. पर बाईमानसानं सांगितल्यालं तुमी ऐकलं असतं व्हय? म्हनून कागूद आना म्हनलं. आता कागूद पन आला, तरी भांडताय."

कुणी ऐकलं नाही. तिकडं अंगठ्याचं चाललंच होतं. मग आत्या काठी टेकून उठली, तोंडाशी हात धरला आणि तिनं हाळी घातली. शहाऐंशी वर्षांच्या त्या एवढ्याशा बाईच्या छातीतनं तो आवाज कुठनं आला कोण जाणे. लांब, वर चढत जाणारा, मधेच मोडून पुन्हा वर जाणारा. मी जन्मात ऐकला नव्हता, पण माझं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबलं.

आधी माळावरची सहा मेंढरं धावत आली. मग सोनम आली, कारण ती सगळ्यात जवळ होती, आणि मल्हार तिच्या मागं. मग पोरं, बायका, मंगल. शेवटी अंगठ्यावर भांडणारी माणसं गप होऊन एकेक करून पुढं सरकली आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली. सुभेदारांनी गाडीतनं घोंगडं आणलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी, आणि तानुबाईच्या नातीच्या दारात आम्ही ते अंथरलं. अंथरताना त्यांची बाजू वाकडी गेली होती, पण मी त्रुटी काढली नाही.

आत्यानं सोनमला घोंगड्यावर मधोमध बसवलं आणि सहातल्या दोन मेंढ्यांचे कान धरून तिच्यापुढं ओढल्या. म्हणाली, ह्या तुझ्या आंदणाच्या, आन्‌ ह्यांची पैदास पन तुझीच, घोंगडं हातरनाऱ्या ह्या दोघांनी लिहून द्यायचं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिशातलं पेन काढलं, अर्ध्या पानात लिहिलं, आणि खाली सुभेदारांनी आणि मी शेजारी शेजारी अंगठे उठवले.